बाराशेपासून पन्नास हजारांपर्यंत

28 जानेवारी 1950 रोजी सकाळी पावणेदहा वाजता दिल्लीच्या संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले. प्रजासत्ताकाला तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. व्यासपीठावर सरन्यायाधीश हरिलाल कानिया आणि त्यांचे पाच सहकारी बसले होते: सय्यद फजल अली, पतंजली शास्त्री, मेहरचंद महाजन, बिजनकुमार मुखर्जी आणि सुधीरंजन दास. राज्यघटनेने सरन्यायाधीशांसह आठ जागा दिल्या होत्या, त्यातल्या दोन अजून भरायच्या होत्या. समोर मुंबई आणि नागपूरसह देशभरातील उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि पहिले महान्यायवादी म्हणून मुंबईच्या बारमधले मोतीलाल सेटलवाड उभे होते.

त्या वर्षअखेर हिशेब झाला तेव्हा आकडे असे निघाले: दाखल 1,215, निकाली 525, शिल्लक 690. आज हे आकडे एखाद्या तालुका न्यायालयाचेही वाटणार नाहीत. 2023 मध्ये, 15 डिसेंबरपर्यंत, याच न्यायालयात 49,191 प्रकरणे नोंदवली गेली आणि 52,191 निकाली निघाली. पंचाहत्तर वर्षांत न्यायाधीश साधारण चौपट झाले, काम चाळीसपट झाले. हे अंतर कसे भरून निघाले, आणि खरोखर भरून निघाले का, याचाच शोध सर्वोच्च न्यायालयाचा इतिहास लिहिताना घ्यावा लागतो.

सर्वोच्च न्यायालय येण्यापूर्वी शेवटची दाद लंडनमध्ये मागावी लागे. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जायचे म्हणजे समुद्रापारचा खर्च, तिथले सॉलिसिटर आणि वर्षानुवर्षांची वाट. महाराष्ट्राला हे ताईमहाराज प्रकरणावरून चांगले ठाऊक होते. पुण्यातल्या बाबामहाराजांच्या मृत्यूनंतर दत्तकावरून सुरू झालेल्या त्या वादात मृत्युपत्राचे एक विश्वस्त म्हणून लोकमान्य टिळक गुंतले आणि त्यांना न्याय मिळाला तो 1915 मध्ये, प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने. आज सर्वोच्च न्यायालय ज्या रस्त्यावर उभे आहे त्याला टिळकांचेच नाव आहे. नाव देणाऱ्यांच्या मनात हा खटला असण्याची शक्यता कमी, पण योगायोग मोठा चपखल आहे.

मधली पायरी होती फेडरल कोर्टाची. 1935 च्या कायद्याने निर्माण झालेले हे न्यायालय 1 ऑक्टोबर 1937 रोजी सुरू झाले. सर मॉरिस ग्वायर मुख्य न्यायाधीश आणि सोबत दोन न्यायाधीश, शाह मुहम्मद सुलेमान आणि मुकुंद रामराव जयकर. बॅरिस्टर जयकर पुढे प्रिव्ही कौन्सिलवर गेले आणि नंतर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या तिघांपुढे आलेला पहिला महत्त्वाचा प्रश्न नागपूरचा होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. हा अधिकार प्रांताचा की केंद्राचा, असा वाद निघाला आणि 1938 मध्ये गव्हर्नर जनरलने न्यायालयाचा सल्ला मागितला. न्यायालयाने कौल प्रांताच्या बाजूने दिला. फेडरल कोर्टापुढे काम मोजकेच येई. बारा वर्षांत छापून आलेले त्याचे निकाल दीडशेलाही पोहोचले नाहीत. 10 ऑक्टोबर 1949 पासून प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी वाट कायद्याने बंद झाली आणि तिकडचा सारा ओघ दिल्लीकडे वळला.

सुरुवातीच्या वर्षांत सर्व न्यायाधीश एकत्र बसून प्रकरणे ऐकत. ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेचे प्रकरण 1950 मध्ये सहाही न्यायाधीशांनी ऐकले. त्या काळच्या निकालांत मुंबई इलाख्याचा वाटा ठसठशीत दिसतो. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली, तेव्हा रोमेश थापर यांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठले आणि मे 1950 मध्ये ती बंदी रद्द झाली. सोलापूरची कापड गिरणी बंद पडल्यावर सरकारने खास कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने त्याला आव्हान दिले आणि डिसेंबर 1950 मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्याची याचिका फेटाळली गेली. पुढच्या वर्षी मुंबईच्या दारूबंदी कायद्याची पाळी आली. बालसरा खटल्यात न्यायालयाने तो कायदा बहुतांशी उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची काही बंधने काढून टाकली. वृत्तपत्र, गिरणी, दारू असे नव्या प्रजासत्ताकाचे तीन प्रश्न, आणि प्रत्येकावर न्यायाधीशांनी सावकाश, सविस्तर लिहिले. तेवढा वेळ त्यांच्याकडे होता.

तो वेळ पुढे का उरला नाही, हे समजायला न्यायालयाचे दरवाजे पाहायला हवेत. अनुच्छेद 32 नुसार मूलभूत हक्कांसाठी नागरिक थेट येऊ शकतो, डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत या अनुच्छेदाला साऱ्या घटनेत सर्वांत मोलाचे स्थान दिले होते. अनुच्छेद 131 खाली राज्ये एकमेकांविरुद्ध किंवा केंद्राविरुद्ध दावा लावतात. उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र दिले तर नेहमीचे अपील होते. पण सर्वांत रुंद दरवाजा आहे अनुच्छेद 136 चा, म्हणजे विशेष अनुमती याचिकेचा. देशातल्या कुठल्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या कुठल्याही आदेशाविरुद्ध, अपवाद फक्त लष्करी न्यायालयांचा, सर्वोच्च न्यायालय आपल्या मर्जीने अपिलाची परवानगी देऊ शकते. त्यासाठी उच्च न्यायालयाचे प्रमाणपत्र लागत नाही, रकमेची अट नाही, विषयाची अट नाही.

हा अधिकार जपून वापरायचा, असे न्यायालयाने अगदी पहिल्याच वर्षी ठरवले होते. प्रीतम सिंग खटल्यात मे 1950 मध्ये न्या. फजल अली यांनी स्पष्ट केले की अपवादात्मक परिस्थिती असल्याखेरीज अशी परवानगी दिली जाणार नाही. हे तत्त्व पुढच्या असंख्य निकालांनी आदराने उद्धृत केले आणि वकिलांनी तितक्याच निष्ठेने याचिका दाखल करणे चालू ठेवले. एका अर्थी दोघांचेही बरोबर होते. दार कधी उघडेल याचा नियम नसेल, तर प्रत्येकाला एकदा ठोठावून पाहावेसे वाटणारच.

पन्नासच्या दशकात या दाराशी एक नवी रांग लागली. कामगार अपील न्यायाधिकरण 1956 मध्ये बंद झाले आणि औद्योगिक न्यायाधिकरणांच्या निवाड्यांविरुद्ध मालक किंवा संघटना सरळ 136 खाली दिल्लीला येऊ लागल्या. बोनस, पगारवाढ, बडतर्फी यांची प्रकरणे ढिगाने आली. 1957 मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांनी या रांगेतून एक सबंध कायदा घडवला. बोनस कसा काढायचा याचे जे सूत्र त्यांनी 1959 मध्ये तपशीलवार मांडले, त्यावर गिरणगावापासून सिमेंट कारखान्यांपर्यंतचे हिशेब चालले. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर 1964 मध्ये सरन्यायाधीश झाले. वाढते काम हे नेहमीच ओझे नसते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. एकाच प्रकारच्या शेकडो प्रकरणांतून तत्त्व काढणारा न्यायाधीश असेल तर गर्दीचेही सोने होते.

याच सुमारास न्यायालयाला स्वतःचे घर मिळाले. 29 ऑक्टोबर 1954 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि ऑगस्ट 1958 मध्ये नवी इमारत सुरू झाली. तिचे वास्तुकार गणेश भिकाजी देवळालीकर हे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे प्रमुखपद भूषवणारे पहिले भारतीय. त्रिकोणी भूखंडावर त्यांनी तराजूच्या आकाराची इमारत बसवली: मधल्या भागात सरन्यायाधीशांचे दालन, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन न्यायदालने, आणि पारड्यांच्या जागी कार्यालये. पाच दालने तेव्हा ऐसपैस वाटली असतील. 1979 मध्ये पूर्वेला आणि पश्चिमेला नव्या शाखा बांधाव्या लागल्या आणि बांधकाम त्यानंतरही थांबले नाही.

न्यायाधीशांची संख्या इमारतीच्याच गतीने वाढत गेली. आठाचे अकरा झाले 1956 मध्ये, मग 1960 मध्ये चौदा, सत्तरच्या दशकाअखेर अठरा, 1986 मध्ये सव्वीस, 2009 मध्ये एकतीस आणि 2019 मध्ये चौतीस. पण संख्येबरोबर बसण्याची पद्धत बदलली. सगळ्यांनी मिळून ऐकण्याचा काळ संपला आणि दोघा-दोघांची, तिघा-तिघांची खंडपीठे आली. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायाधीश हवेत, असे घटनाच सांगते. साठच्या दशकात अशी घटनापीठे वर्षाला शंभराहून अधिक निकाल देत. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही संख्या वर्षाला दहाच्याही खाली आली. पाच न्यायाधीश एका प्रकरणात गुंतवले की दोन-अडीच खंडपीठांचे रोजचे काम थांबते, आणि कुठलाही सरन्यायाधीश हे गणित करूनच घटनापीठ बसवतो.

केशवानंद भारती खटल्यात हे गणित बाजूला ठेवले गेले. 31 ऑक्टोबर 1972 ते 23 मार्च 1973 या काळात तेरा न्यायाधीशांनी 68 दिवस एकच प्रकरण ऐकले. याचिकाकर्त्यांकडून नानी पालखीवाला, केरळ सरकारकडून एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईचे. 24 एप्रिल 1973 रोजी सात विरुद्ध सहा मतांनी, संसदेला घटनेची ‘मूलभूत चौकट’ मोडता येणार नाही, हे तत्त्व जन्माला आले. न्यायालयाचे जवळजवळ सगळे बळ पाच महिने एका दालनात अडकून पडले होते. वार्षिक तक्त्यात त्या वर्षी या निकालाची नोंद इतर कुठल्याही प्रकरणाइतकीच झाली असणार.

यशवंतराव चंद्रचूड 1978 ते 1985 अशी सात वर्षे सरन्यायाधीश होते. इतका काळ त्या खुर्चीवर दुसरे कोणी बसलेले नाही. त्यांच्या कारकिर्दीत न्यायालयाने स्वतःहून एक नवा दरवाजा उघडला. न्या. पी. एन. भगवती आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी पुढाकार घेतलेल्या जनहित याचिकांमुळे पोस्टकार्डसुद्धा याचिका होऊ शकले. मुंबईच्या पोलीस कोठड्यांत स्त्री कैद्यांना मारहाण होते, असे पत्र पत्रकार शीला बारसे यांनी लिहिले आणि 1983 मध्ये त्यावर महाराष्ट्र सरकारला सविस्तर आदेश मिळाले: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, चौकशीच्या वेळी महिला पोलिसांची हजेरी, अटकेची खबर विधी साहाय्य समितीला. 1985 मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात चंद्रचूडांच्या घटनापीठाने मुंबईच्या फुटपाथवासीयांबाबत सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. मात्र फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. न्यायालयाची प्रतिष्ठा या काळात खेड्यापाड्यांत पोहोचली. त्याबरोबर टपालही वाढले.

1991 च्या अखेरीस प्रलंबित प्रकरणांचा आकडा 1,04,936 वर गेला. सात वर्षांनी, 1998 मध्ये, तो सुमारे वीस हजारांवर आला. हा न्यायालयाच्या इतिहासातला सर्वांत थक्क करणारा उतार, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी संगणकाला जाते. नव्वदच्या दशकात एकाच कायदेशीर प्रश्नाची प्रकरणे हुडकून त्यांचे गठ्ठे बांधले गेले. एका भूसंपादनातून निघालेली शेकडो अपिले एका दिवशी, एका निकालाने निघू लागली. पण श्रेय देताना तक्त्याखालची टीपही वाचायला हवी. 1992 पर्यंत एका फाइलवर जोडून घातलेला प्रत्येक क्रमांक स्वतंत्र प्रकरण म्हणून मोजला जाई. 1993 पासून फाइल हीच एक मानली गेली. म्हणजे घसरणीचा काही भाग कामाचा आणि काही भाग मोजणीचा. सरकारी आकडेवारीवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने ही टीप डोळ्यांसमोर ठेवावी, कारण 1950 च्या 1,215 ची आणि आजच्या पन्नास हजारांची तुलनाही त्यामुळे काटेकोर राहत नाही. दोन वेगळ्या मापांनी मोजूनही वाढ प्रचंड आहे, इतकेच खात्रीने म्हणता येते.

मग या पन्नास हजारांत असते काय? ते पाहायचे तर सोमवारी किंवा शुक्रवारी न्यायालयात जावे. परंपरेने हे दोन दिवस नव्या प्रकरणांचे. प्रत्येक खंडपीठाच्या बोर्डावर साठ-सत्तर याचिका असतात. कॉरिडॉरमध्ये काळ्या कोटांची दाटी, हातात पेपरबुक, डोळे दारावरच्या क्रमांकाच्या पाटीवर. न्यायाधीश फाइली आदल्या दिवशी घरी वाचून येतात, त्यामुळे वकिलाला एक-दोन मिनिटे मिळाली तरी ती त्यांचे आधीच झालेले मत पालटवण्यासाठी असतात. बहुतेकदा ‘डिसमिस्ड’ असा एक शब्द ऐकू येतो आणि पुढचा क्रमांक पुकारला जातो. पक्षकाराच्या दहा-पंधरा वर्षांच्या लढ्याचा शेवट असा होतो. मंगळवार ते गुरुवार हे सविस्तर सुनावणीचे दिवस. प्रलंबितांचा डोंगर वाढला तसे तिथेही नोटीस काढलेली किरकोळ प्रकरणे शिरत गेली.

2023 च्या निकाली प्रकरणांची फोड हेच सांगते. 52,191 पैकी 45,642 प्रकरणे या किरकोळ वर्गातली, म्हणजे मुख्यतः दाखल टप्प्यावर किंवा त्यानंतर लवकर संपलेली. नियमित सुनावणी होऊन निघालेली 6,549, साधारण आठात एक. वर्षाला 190 दिवस कामकाज धरले तर दिवसाला पावणेतीनशे प्रकरणे निघाली. सविस्तर निकालपत्रे वर्षाला हजाराच्या आगेमागे असतात. तेव्हा ‘सर्वोच्च न्यायालय वर्षाला किती खटले ऐकते’ या प्रश्नाला निदान तीन उत्तरे आहेत: पन्नास हजार पाहते, साडेसहा हजार ऐकते, हजारेक लिहिते. वर्तमानपत्रांत पहिलेच उत्तर छापले जाते. पण पहिल्या वर्षीसुद्धा 525 पैकी 491 प्रकरणे दाखल टप्प्यावरच निघाली होती, हेही नोंदवायला हवे. नकार देणे हे या न्यायालयाचे जन्मापासूनचे काम आहे. फरक इतकाच की तेव्हा नकार देऊन झाल्यावर दिवस शिल्लक उरे.

अमेरिकेने हा प्रश्न 1925 मध्ये कायद्याने सोडवला. कोणते प्रकरण घ्यायचे याची मुभा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला मिळाली. अलीकडे वर्षाला चार-पाच हजार अर्ज येतात आणि नऊ न्यायाधीश एकत्र बसून त्यातली साठ-सत्तर प्रकरणे ऐकतात. उरलेल्यांना कारण न देता नकार. भारतात हे जसेच्या तसे चालणार नाही. इथे उच्च न्यायालयांच्या निकालांत फरक पडतो, फाशी कायम झालेला कैदी असतो, पेन्शनसाठी तीस वर्षे भांडणारा शिक्षक असतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने अशांना रिकाम्या हाताने पाठवू नये अशी लोकांची अपेक्षा आहे. ही अपेक्षा न्यायालयानेच वाढवली आणि त्याबद्दल त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल.

दोष द्यायचाच तर आधी सरकारी खात्यांना द्यावा. हरलो की वर अपील करायचे, निर्णय घेण्याची जबाबदारी टाळायची, ही सवय जुनी. आयकर खात्याने सर्वोच्च न्यायालयात जाण्यासाठी रकमेची मर्यादा 2019 मध्ये दोन कोटी आणि 2024 मध्ये पाच कोटी रुपये केली. तिचा परिणाम लगेच दिसला: सप्टेंबर 2024 मध्ये 573 प्रत्यक्ष कर प्रकरणे या एकाच कारणाने निकाली निघाली. मर्यादा वाढण्यापूर्वी तीच प्रकरणे अपील करण्याजोगी मानून दिल्लीला धाडली गेली होती! दुसरा मोठा गट बदली याचिकांचा. नवऱ्याने एका राज्यात घटस्फोटाचा दावा लावला आणि बायको माहेरी दुसऱ्या राज्यात असली, तर दावा हलवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयालाच आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये अशा सुमारे तीन हजार याचिका साचल्या होत्या. तेव्हा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या काळात ठरले की प्रत्येक खंडपीठाने रोज दहा बदली याचिका आणि दहा जामीन अर्ज घ्यावेत.

येणाऱ्या प्रकरणांत भूगोलाचाही हात आहे. दिल्ली आणि आसपासच्या उच्च न्यायालयांतून येणाऱ्या अपिलांचे प्रमाण दूरच्या राज्यांपेक्षा बरेच जास्त असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. गडचिरोलीच्या किंवा पणजीच्या पक्षकाराला दिल्लीतला वकील, प्रवास आणि मुक्काम परवडायला हवा. विधी आयोगाने 2009 मध्ये आपल्या 229 व्या अहवालात दिल्लीत घटनापीठ ठेवून दिल्ली, चेन्नई किंवा हैदराबाद, कोलकाता आणि मुंबई इथे अपील पीठे नेमावीत असे सुचवले. घटनेचा अनुच्छेद 130 न्यायालयाला दिल्लीबाहेर बसायची मुभा देतोच. न्यायाधीशांनी मात्र ही सूचना स्वीकारली नाही; संस्था एकच राहावी, ही त्यांची भूमिका कायम राहिली.

किरकोळ प्रकरणांच्या या लोंढ्यात मोठे प्रश्न किती मागे पडतात, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राची आहेत. म्हाडा कायद्यात 1986 मध्ये एक नवा भाग जोडला गेला. मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतीच्या सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर ती इमारत मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन संपादित करता येईल, अशी त्यात तरतूद होती. घरमालकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात हरली आणि 1992 मध्ये दिल्लीत गेली. खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरते का, हा मूळ प्रश्न. तो पाच न्यायाधीशांकडे गेला, मग सातांकडे, मग फेब्रुवारी 2002 मध्ये नऊ न्यायाधीशांकडे. नऊ न्यायाधीश एकत्र बसायला बावीस वर्षे लागली. एप्रिल 2024 मध्ये सुनावणी झाली आणि 5 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल आला: प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. या बत्तीस वर्षांत चाळींतली एक पिढी संपली, काही इमारती पडल्या, गिरणगावात टॉवर उभे राहिले.

दुसरे उदाहरण कर्नाटकाबरोबरच्या सीमावादाचे. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर भागातील 865 गावांवरचा हक्क सांगत महाराष्ट्राने मार्च 2004 मध्ये अनुच्छेद 131 खाली दावा दाखल केला. दोन राज्यांमधला वाद ऐकणे हे सर्वोच्च न्यायालयाचे मूळ काम, दुसऱ्या कुणाला तो अधिकारच नाही. दोन दशके उलटली तरी हा दावा उभाच आहे, आणि दरम्यान लाखो विशेष अनुमती याचिका याच इमारतीतून येऊन गेल्या. याउलट ठरवले तर न्यायालय किती वेगाने चालू शकते हे 2019 मध्ये दिसले: अयोध्या प्रकरण पाच न्यायाधीशांनी सलग चाळीस दिवस ऐकून 9 नोव्हेंबरला निकाली काढले.

कामाची पद्धत सुधारण्याचे प्रयत्न सतत झाले. न्या. उदय लळीत यांनी जुलै 2022 मध्ये आपले न्यायालय साडेनऊलाच सुरू केले. मुले सातला शाळेत जातात तर वकील-न्यायाधीशांना नऊला यायला काय हरकत, असा त्यांचा सवाल होता. पुढे सरन्यायाधीशपदाच्या 74 दिवसांत त्यांनी प्रकरणे बोर्डावर लावण्याची पद्धत बदलली आणि घटनापीठे पुन्हा नियमित बसवली. 27 सप्टेंबर 2022 रोजी घटनापीठांच्या कामकाजाचे थेट प्रक्षेपण सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी महाराष्ट्राने शिवसेनेच्या फुटीची सुनावणी घरबसल्या पाहिली. सप्टेंबर 2023 पासून न्यायालयाचे रोजचे आकडे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रीडवर कुणालाही दिसतात. त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनी तेरा भाषांतील 1,268 अनुवादित निकालपत्रे खुली झाली. त्यात मराठीतली होती 14.

या सगळ्यानंतरही शिल्लक वाढतेच आहे. 2025 मध्ये प्रलंबित प्रकरणे 88 हजारांच्या पुढे गेली, आणि तेही विक्रमी निकालांच्या वर्षांनंतर. एप्रिल 2016 मध्ये मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेत पंतप्रधानांसमोर न्यायाधीशांच्या अपुऱ्या संख्येबद्दल बोलताना सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांना अश्रू आवरले नव्हते. परंतु जागा वाढवल्या की खंडपीठे वाढतात, खंडपीठे वाढली की निकालांत विसंगती येते, आणि विसंगती आली की आणखी एक याचिका दाखल करायला कारण मिळते. आठाचे चौतीस झाल्यानंतरही रांग लांबलीच, हा अनुभव पाहता केवळ जागा वाढवण्याचा उपाय अपुरा आहे. वार्षिक अहवालात पाहिलेली, ऐकलेली आणि लिहिलेली प्रकरणे वेगवेगळी छापली, तरी निदान चर्चा योग्य आकड्यापासून सुरू होईल.

दुसरा मार्ग न्या. भगवतींनी 1986 मध्येच सुचवला होता: नेहमीची अपिले ऐकण्यासाठी वेगळे राष्ट्रीय अपील न्यायालय काढावे आणि सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नांपुरते राहावे. तीस वर्षांनी एका याचिकेच्या निमित्ताने हा विषय पुन्हा पुढे आला. जुलै 2016 मध्ये सरन्यायाधीश ठाकूर यांच्या खंडपीठाने त्यावर सखोल विचार व्हावा म्हणून तो घटनापीठाकडे सोपवला. ते प्रकरणही प्रलंबितांच्या यादीत आहे.